वहीतला उपवास

रोज सकाळी साडेसहाला राधिका वजनकाट्यावर चढायची, तेव्हा मी स्वयंपाकघरात गॅस न पेटवता उभी राहायची. एकदा गॅस पेटला की नळ, कुकर, भांडी, सगळंच सुरू होतं आणि बाहेरचं काही ऐकू येत नाही. काटा न्हाणीघराच्या दाराशी असतो. तिथली फरशी जरा उंचसखल आहे, म्हणून ती चढली की बारीक टक् असा आवाज व्हायचा. मग काही क्षण काहीच नाही. ती किती वेळ गप्प आहे त्यावरून मला समजून जायचं, तरी मी विचारायचीच.

"किती गं?"

"वही."

राधिका माझी लेक, एक्केचाळीस वर्षांची. मराठी सगळं समजते, पण उत्तर द्यायची वेळ आली की रायपूरच्या बाकी पोरांसारखी हिंदीत देते. 'वही' म्हणजे तेच, कालचंच. तिनं वही म्हटलं की मी फ्रिजवरची वही खाली घ्यायची, तारीख घालायची आणि लिहायची, ९८.

असं मी एकोणचाळीस दिवस लिहिलं.

जानेवारीत तिचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी करतात, म्हणजे दोन घासात पोट भरतं. तेव्हा वजन एकशे बत्तीस होतं. गुडघे गेलेले, साखर वाढलेली, झोपेत श्वास अडकायचा. ऑपरेशन चांगलं झालं, पण तिसऱ्या दिवशी आतून रक्त सुरू झालं आणि तिला परत आत नेलं. डॉक्टरांचा दोष नव्हता, हजारात काही जणांना होतं म्हणाले. मी आणि जावई सुशील आयसीयूच्या काचेच्या दाराबाहेर लोखंडी खुर्चीवर तीन दिवस बसून होतो. दार उघडलं की दोघंही एकदम उठायचो. माझं वय पंचाहत्तर. नवऱ्याला मी याच गावात पोचवलं, सासू-सासऱ्यांना पोचवलं, पण असे तीन दिवस कधी काढले नव्हते.

त्यातून ती उठली आणि मग वजन असं उतरलं की बघत राहावं. दर आठवड्याला दीड किलो, दोन किलो. गोल बाजारातून तिच्यासाठी आणलेले पंजाबी ड्रेस शिंप्याकडे दोनदा आत घेऊन झाले. जुलैच्या मध्यावर काटा अठ्ठ्याण्णववर आला आणि थांबला.

पहिला आठवडा तसाच गेला. दुसऱ्या आठवड्यात तिनं काट्यातले सेल बदलले. तिसऱ्या आठवड्यात सुशील उरल्याहून येताना नवीन काटाच घेऊन आला. तो तिथं रोलिंग मिलमध्ये शिफ्ट सांभाळतो, टनांनी लोखंड तोलायची सवय. म्हणाला, "आई, आमच्या मिलचा धर्मकाटा आणू का? त्याच्यावर ट्रकसकट चढवा तुमच्या पोरीले." राधिका हसली नाही. नव्या काट्यावरही अठ्ठ्याण्णवच.

लोकांना वाटेल, चौतीस किलो उतरलं, थोडं थांबलं तर काय बिघडलं? पण अठ्ठ्याण्णव या आकड्याची तिला भीती होती, आणि ती भीती मला माहीत होती. तिच्या लग्नानंतर दोन वर्षांनी तिनं खाणं सोडून, पहाटे चालून असंच वजन उतरवलं होतं. तेव्हाही अठ्ठ्याण्णववर येऊन ते असंच अडलं होतं. दोन महिने अडलं, आणि मग एक-एक करत एकशे बत्तीसपर्यंत चढलं. ती म्हणायची, "यहीं से लौटा था, आई. इसी नंबर से."

पाचव्या आठवड्यात तिनं जेवताना सांगितलं, की दुसऱ्या शहरात एक डॉक्टर आहेत. फोनवर बोलणं झालं. अशा अडलेल्यांचं ते दुसरं ऑपरेशन करतात, आतडं वळवून देतात. अनंत चतुर्दशीनंतरच्या सोमवारची तारीख मिळाली आहे. शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलं आहे.

माझ्या हातातली पोळी हातातच राहिली.

"इथल्या डॉक्टरांना विचारलंस?"

"वो तो बोलेंगे रुको. रुकते-रुकते मैं फिर वहीं पहुँच जाऊँगी."

"पुन्हा कापतील? त्याच पोटाले?"

"आई, प्लीज."

सुशील खाली मान घालून वरण कालवत राहिला. नंतर ओट्याशी येऊन मला हळूच म्हणाला, "मी बोललो तिच्याशी, ऐकून नाही राहिली. तुम्ही काहीतरी करा." मी काय करणार होते? मला येत होतं ते मी आधीच करून चुकले होते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

त्यासाठी थोडं मागचं सांगावं लागेल. मी एकाहत्तर साली लग्न होऊन यवतमाळहून रायपूरला आले. आमचे हे, शालिग्राम, रेल्वेच्या ऑफिसात कारकून होते. दोन वर्षांनी मी तारघरात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. लोक खिडकीशी फॉर्म घेऊन यायचे आणि मी शब्द मोजायची. शब्दाला पैसे पडायचे, म्हणून लोक विचारायचे, "बहनजी, कुछ कम होगा क्या?" मी लाल पेन्सिल घेऊन बसायची. 'आपको सूचित करते हुए हर्ष हो रहा है' कापायचं, 'पुत्र हुआ' ठेवायचं. माझा हात इतका बसला होता, की चार ओळींचं दुःख मी तीन शब्दांत आणून द्यायची. घरच्या पत्रातही मी तसंच लिहायची. माझी आई कळवायची, तुझं पत्र म्हणजे पोस्टकार्डाचा अपमान.

एकदाच चूक झाली. गोल बाजारात भांड्यांचं दुकान असलेला भैय्यालाल आला होता. वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन नीट पार पडलं, हे बिलासपूरला काकांना कळवायचं होतं. फॉर्मवर त्यानं लिहिलं होतं, 'पिताजी का ऑपरेशन हो गया ठीक हैं'. मी म्हटलं, भैया, ऑपरेशन हो गया म्हटलं की झालं, 'ठीक हैं' कशाला? कापलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, 'ठीक' लिहिलं नाही म्हणजे म्हातारा गेलाच असं समजून, बिलासपूरहून अकरा माणसं रडत उतरली, बायका पांढऱ्या साड्यांत. म्हातारा पलंगावर बसून दलिया खात होता. भैय्यालाल पुढची कित्येक वर्षं मला बघून हात जोडायचा, "बहनजी, आज कुछ मत काटिएगा." आम्ही दोघं हसायचो. मला वाटायचं ती एक गंमत झाली.

तर राधिकाच्या दवाखान्यानं सांगितलं होतं, रोज काय खाल्लं ते सगळं एका वहीत लिहा. तिला नवा रायपूरला ऑफिसात जायची घाई, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. मला आनंदच झाला. पंधरा वर्षांनी हातात रेघांचा कागद आणि नेमकं लिहायचं काम. सकाळी अंडं एक. अकराला मुगाचं कढण अर्धी वाटी. दीडला पनीर चार तुकडे. चारला पावडरचं दूध. सातला वरण, लौकी. सगळं स्वच्छ अक्षरात, एका शब्दाचाही फापटपसारा नाही.

आणि मग श्रावण लागला.

आम्हा रायपूरच्या मराठी माणसांची यात एक गंमत आहे. इथल्या लोकांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शेजारीपाजारी शंकराला पाणी घालायला निघाले की आमच्या घरी अजून आषाढच चाललेला असतो. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणायच्या, त्यांचं त्यांना, आपलं आपल्याला. पण राधिका इथंच जन्मली. तिच्या ऑफिसातल्या बाया सावनचे सोमवार धरतात म्हणून तिनंही धरले. पुढे आपला श्रावण लागला तेव्हा मी म्हटलं, त्यांचे धरले तर आपलेही धर. दोन्ही मिळून सहा सोमवार झाले. गुरुवार तर ती शेगावच्या महाराजांचा शाळेपासून करते. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी काही महिने बंद ठेवायला सांगितला होता, तो जूनमध्ये पुन्हा सुरू केला होता.

आणि काटा अडल्यावर मी महादेव घाटावर जाऊन बोलून आले, की देवा, हिचं वजन हलू दे, ही शनिवारचा उपासही करेल. घरी येऊन तिला सांगितलं. ती आधी कुरकुरली, मग म्हणाली, "ठीक है, शायद इसी से हिले."

तर आठवड्यात तीन दिवस उपास. त्या दिवशी वहीत काय लिहायचं, हा प्रश्न मला पडलाच नाही. तारीख, ९८, आणि पुढे एक शब्द. उपवास.

सुशील मात्र बोलून दाखवायचा. शनिवारी त्याची सुट्टी असायची. एकदा ओट्याशी उभा राहून म्हणाला, "आई, मले बी उपास धरू द्या. तुमच्या वरणभातापेक्षा हे बरं दिसून राहिलं."

"काहून रे, तुले कोणं उपाशी ठेवलं?"

"नाही, पण इथं तर वऱ्हाड जेवून राहिलं."

"तिच्या पोटात जाते अर्धी वाटी," मी म्हटलं. "नजर नको लावू."

ऑगस्टच्या मध्यावर दवाखान्यातून फोन आला. आमच्या डायटीशियन मॅडम सुट्टीवर होत्या, दुसरीच कोणी मुलगी होती. तिनं वहीच्या पानांचे फोटो मागवले आणि अर्ध्या तासानं पुन्हा फोन केला. राधिकानं फोन स्पीकरवर ठेवला होता. ती मुलगी म्हणाली, "दीदी, आप तो बहुत कम खा रही हैं. कई दिन तो कुछ है ही नहीं. थोड़ा बढ़ाइए."

मी लगेच ऐकलं. त्या शनिवारपासून साबुदाण्यात एक बटाटा जास्त घातला.

पोळा झाला, श्रावण संपला, काटा जागचा हलला नाही. पोळ्यानंतरच्या सोमवारी मॅडम सुट्टीवरून परत आल्या आणि आम्हाला बोलावलं. राधिकाला जायचंच नव्हतं. तिच्या डोक्यात ती दुसरी तारीख होती. मी म्हटलं, "मले माझी वही दाखवायची आहे. पंधरा वर्षांनी कोणी माझं अक्षर पाहीन." त्यावर मात्र ती हसली आणि गाडी काढली.

मी तिच्या स्कूटीवर मागे बसते. चौबे कॉलनीतून निघालो, आणि मोठ्या रस्त्याला लागताना माझ्या लक्षात आलं की मी सीटच्या काठावर नाही, नीट मधे बसले आहे, आणि पर्स मांडीवर नाही, आमच्या दोघींच्या मधे आहे. मागच्या वर्षी मी मागचा दांडा धरून, जीव मुठीत घेऊन बसायची. मला ते तिला सांगावंसं वाटलं. पण तिची मान इतकी ताठ होती की मी पर्सच घट्ट धरून बसले.

सत्यभामा मॅडम मूळच्या विशाखापट्टणमच्या. हिंदी जपून बोलतात, एक-एक शब्द ठेवल्यासारखा. त्यांनी वही घेतली आणि म्हणाल्या, "माताजी, लिखावट आपकी है? कितनी साफ़ है." मी पदर सावरून बसले.

त्या पानं उलटत गेल्या. उलटता उलटता हळू झाल्या. मग पेनाच्या टोकानं मोजायला लागल्या. सोमवार, गुरुवार, शनिवार. सोमवार, गुरुवार, शनिवार.

"राधिका जी, हफ़्ते में तीन दिन आप कुछ नहीं खा रही हैं? इस ऑपरेशन के बाद?" त्यांचा आवाज चढला. "आपको पता है इससे क्या होता है? चर्बी नहीं जाती, ताक़त जाती है. आप चक्कर खाकर गिर जाएँगी!"

"भूखी कहाँ रहती हूँ मैडम," राधिका म्हणाली. "उपवास का खाती हूँ ना."

मॅडमनी वहीवरून मान वर केली. "उपवास का... क्या?"

"खाना."

"उपवास का खाना," मॅडमनी ते शब्द पुन्हा म्हटले, जणू नीट ऐकू आले नाहीत. "हमारे घर में उपवास मतलब शाम तक पानी."

राधिकानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ही बिचारी साउथची, हिला आपलं काय माहीत, आपण समजावून सांगू. मी पुढे सरकले आणि माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "सिर्फ साबूदाना खिचडी, मॅडम. आधी वाटी."

"एक बार?"

"नहीं नहीं. आपनेच बोला था ना, थोडा थोडा, हर दो घंटे में. तो सुबह आधी वाटी. फिर दस बजे राजगिरे का एक लड्डू. फिर आधी वाटी. दोपहर को भगर और दाने की आमटी."

"दाने?"

"मूंगफली. फिर एक केला. चार बजे साबूदाने की खीर, उसमें दूध है, ताक़त के लिए. शाम को आलू का कीस, थोडासा. और रात को..." इथं माझाच आवाज मला ऐकू यायला लागला. मी बोलत होते आणि मॅडमचं पेन वहीच्या कडेला एकाखाली एक लिहीत होतं, माझ्या त्या एका शब्दाशेजारी. लिहिता लिहिता पान संपलं. त्यांनी पान उलटलं.

"रात को?"

"उपास छोडने को थोडा शिरा," मी म्हटलं. 

"और अंडा, दाल, वह पाउडर?"

"उपवासाला अंडं?" माझ्या तोंडून मराठीतच निघालं. "पावडर भी नहीं देती. उसमें क्या क्या डालते हैं, क्या मालूम. चलता नहीं."

 मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या हसल्या नाहीत, याचे मी उपकार मानते. म्हणाल्या, "माताजी, बाकी चार दिन ये जितना खाती हैं, यह उसका दुगुना है. और इतना नरम, कि छोटे पेट में रुकता ही नहीं, फिसल जाता है. भूख भी नहीं मिटती." मग राधिकाकडे वळून, "आपको भी कभी लगा नहीं?"

राधिका म्हणाली, "उपवास का था ना मैडम. खाने में गिना ही नहीं."

तिनं ते अगदी खरं सांगितलं. मीही धरलं नव्हतं. माझ्या आईनं धरलं नव्हतं, सासूनं धरलं नव्हतं. उपासाला जे पोटात जातं ते जेवण नसतंच आमच्यात, ते न जेवणंच असतं. म्हणून तर मी एका शब्दात लिहीत होते. 'ठीक हैं' कशाला लिहायचं, समजतं की. तसंच हे. पण ज्याला समजत नाही त्याच्या हातात तो कागद पडला, तर तो रडत गाडीत बसतो.

मॅडम मात्र प्रामाणिक बाई. निघताना म्हणाल्या, "सब दोष खिचड़ी का मत मानिए. छठे-सातवें महीने में बहुत लोगों का वज़न ठहरता है, शरीर नए हिसाब से बैठता है. शायद ऐसे भी ठहरता. लेकिन अब हमको पता तो चले. तीन हफ़्ते ठीक से खाइए, सब लिखिए. दूसरे ऑपरेशन की बात उसके बाद."

"मेरे पास तीन हफ़्ते नहीं हैं," राधिका म्हणाली. "टिकट है."

 घरात शिरल्यावर चप्पल काढता काढता बोलली, पाठमोरीच. "आई, शनिवार तूने पकड़वाया था."

"हो."

"और आलू भी तूने बढ़ाया."

"हो. चुकलं माझं."

"चुकलं!" ती वळली. डोळे भरलेले. "छह हफ़्ते मैं रोज़ उस काँटे पर खड़ी होकर सोचती रही कि मेरे शरीर में ही कुछ ख़राब है. कि दुनिया में सबका उतरता है, मेरा नहीं उतरेगा."

 शोकेसमध्ये तिचा स्टीलचा कप होता. ती दीड वर्षांची असताना मराठी मंडळात गुटगुटीत बालकांची स्पर्धा झाली होती, त्यात पहिली आली म्हणून मिळालेला. शालिग्राम तिला खांद्यावर घेऊन घरापर्यंत चालत आले होते आणि वाटेत दोनदा दम खायला थांबले होते. तो कप मी चाळीस वर्षं दर दिवाळीला घासत आले आहे.

"मग तारीख बदल," मी म्हटलं. "आता कारण समजलं ना?"

"नहीं समझा. मैडम ने भी कहा, शायद ऐसे भी रुकता. खिचड़ी हटाकर भी वही रहा तो? मैं टिकट नहीं छोड़ रही."

म्हणजे माझ्यापाशी बारा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मी महादेव घाटावर गेले. रिक्षातून उतरले, पायऱ्या हळू चढले आणि देवाला सांगितलं, बोलणारी मी होते, ती नव्हती. जे काय बाकी असेल ते माझ्याकडून घे, तिच्याकडून वसूल करू नको. शेजारी उभ्या असलेल्या बाईनं काय झालं म्हणून विचारलं, "का होगे दाई?" मी म्हटलं, काही नाही गं, एक व्रत सोडून राहिली.

गुरुवार आला. महाराजांचा फोटो ओट्यासमोरच आहे. मी मुगाचं धिरडं केलं आणि ताटलीत उकडलेलं अंडं ठेवून ते राधिकापुढे सरकवलं. दोघींनीही फोटोकडे पाहिलं नाही. सुशील पाण्याचा पेला घेऊन आला आणि म्हणाला, "महाराज समजून घेतीन. त्यांनीच सांगतलं, अन्न वाया घालू नका." राधिका अंडं खाऊन उठली. माझ्या घशाखाली त्या दिवशी काही उतरलं नाही, पण ते मी वहीत लिहिलं नाही, ती वही माझी नव्हती.

वही आता मी वेगळी लिहायला लागले. 'मुगाचं धिरडं एक, तळहाताएवढं, तेल अर्धा चमचा. त्यातला पाव भाग ताटात राहिला. अंडं एक, पिवळ्यासकट.' एका दिवसाचं पान पुरेना. 'ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचा पेढा, अर्धा. तिनंच घरी येऊन सांगितला.' लिहिताना बोटं दुखायची. तारघरात कोणी असा फॉर्म आणला असता, तर मी त्याला परत पाठवलं असतं.

काटा मात्र कोणाचंच ऐकत नव्हता. पहिले चार दिवस 'वही'. पाचव्या दिवशी अठ्ठ्याण्णव पूर्णांक तीन. त्या दिवशी राधिका न्हाणीघरातून बाहेर आली ती सरळ पलंगाखालची बॅग ओढून बसली आणि तिच्यात कपडे ठेवायला लागली. मी दारात उभी.  ती मला म्हणाली, "देखा? चढ़ रहा है. उस बार भी ऐसे ही चढ़ा था."

गणपती बसले. दुपारी मंडळातून आरतीचा आवाज यायचा आणि मी मोदक न करता बसून राहायची. त्या काचेच्या दाराचं स्वप्न मला दोनदा पडलं. पुन्हा अठ्ठ्याण्णव. पुन्हा तेच. मग एक सकाळ सत्त्याण्णव पूर्णांक आठ. सुशीलनं काटा उचलून दुसऱ्या फरशीवर ठेवला आणि तिला परत चढायला लावलं. तेवढंच. दोन दिवस तिथंच. बॅग तशीच पलंगाशी, चेन उघडी.

शनिवारी सकाळी, तिकिटाच्या दिवशी, मी साडेसहाला ओट्याशी जाऊन उभी राहिले. टक् झालं. मग शांतता. ती इतकी लांबली की माझे हात कट्ट्याला टेकले. मी विचारलंच नाही. पहिल्यांदाच विचारलं नाही.

"सत्त्याण्णव," ती आतून म्हणाली. मराठीत. "पूर्ण सत्त्याण्णव, आई."

मी बाहेर आले तर ती काट्यावरच उभी होती, केस ओले, टॉवेल खांद्यावर, आणि खाली आकड्याकडे पाहत होती. उतरली तर तो पुसला जाईल, असं वाटत असावं. मीही वाकून पाहिला. मग तिनं सुशीलकडे हात केला, त्यानं फोन दिला. एवढ्या सकाळी तिकडे कोणी उचलणार नाही असं मला वाटलं, पण कोणीतरी उचललं.

"जी, सोमवार वाली तारीख़ थी मेरी... हाँ. आगे बढ़ा दीजिए." ती थोडं थांबली. माझ्याकडे पाहिलं. "नहीं, कैंसल नहीं. आगे. मैं बताऊँगी."

आगे. मी तो शब्द कानात दोन-तीनदा फिरवून पाहिला. रद्द म्हणाली असती तर बरं झालं असतं. पण म्हणाली नाही, आणि मी तिच्या वतीनं म्हणायचं नव्हतं.

मी फ्रिजवरची वही खाली घेतली. लिहिलं, 'आज सकाळी साडेसहाला वजन ९७ भरलं. शनिवार आहे, पण उपवास नाही. दुसऱ्या ऑपरेशनची तारीख राधिकानं स्वतः फोन करून पुढे ढकलली, रद्द केलेली नाही. बॅग अजून पलंगाशी आहे.' पुढे 'ठीक आहे' लिहायला पेन टेकवलं, आणि उचललं. तेवढी जागा मोकळी ठेवून ओळ संपवली.

मग गॅस पेटवला आणि अंडी उकडायला ठेवली. बाहेर सुशील तिला म्हणत होता, "उतर आता त्याच्यावरून, मले बी चढू दे."